मनातल्या वाक्यातला ‘च’ : स्वतःला टोचून बोलणं कमी करायची सुरुवात

मार्च अखेर, अकाउंट्सचं काम, संध्याकाळचे साडेसहा. एका क्लायंटला मी फेब्रुवारीच्या ऐवजी जानेवारीची शीट पाठवली. पाच मिनिटांत लक्षात आलं, लगेच दुसरा मेल केला, तिकडून ‘ओके, थँक्स’ असं उत्तरही आलं. प्रकरण तिथे मिटलं. पण घणसोलीला लोकलमध्ये चढले ती ठाणं येईपर्यंत डोक्यात एकच टकळी चालू होती : ‘केलीस ना माती! एक काम धड येत नाही तुला. नेहमीचंच आहे तुझं. आता सगळ्यांनाच कळलं असेल.’ रबाळे, ऐरोली कधी गेलं समजलं नाही. घरी पोचले तर मुलानं दप्तर दारातच टाकलेलं, तेवढ्यावरून त्याला नको नको ते बोलले. रात्री तो झोपल्यावर उशाशी बसले, तर तीच टकळी नवा विषय घेऊन हजर : ‘आई म्हणूनही तू नापासच.’

या गोष्टीला आठ वर्षं झाली. त्यानंतर ठाण्यातल्याच एका समुपदेशक बाईंकडे मी चार महिने जात होते. त्यांनी शिकवलं ते अजून करते. ऑफिसात नवीन लागलेल्या मुली डबा खाताना ‘ताई, मला नाही हो जमणार हे’ म्हणतात तेव्हा त्यांनाही सांगते. मी डॉक्टर नाही. पण ज्यांना हे अगदी पहिल्यापासून सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी मी ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं लिहिते.

सुरू करण्याआधी

मनातलं हे बोलणं म्हणजे आपला स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही, असं मला तोवर वाटायचं. पण तसं नसतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये डॉ. अ‍ॅरन बेक नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की रुग्ण तोंडानं एक बोलत असतो आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरीच वाक्यं सरसर येऊन जात असतात. ती कुणी मुद्दाम आणत नाही, आपोआप येतात. इतक्या झटकन येतात की ती तपासून बघायची असतात हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पुढे त्यांनी बसवलेली उपचारपद्धत या वाक्यांना पकडून, तपासून, बदलण्यावर उभी आहे. म्हणजे आपल्याला बदलायचा आहे तो अख्खा स्वभाव नव्हे, काही ठरावीक वाक्यं. एवढं कळल्यावरच मला अर्धा धीर आला होता.

आणि ही वाक्यं आपल्या घरांत येतात कुठून, तेही मनावर ओझं न घेता बघावं. आपल्याकडे मुलांचं तोंडावर कौतुक करत नाहीत, शेफारतील म्हणून. ब्याण्णव टक्के मिळाले तर उरलेले आठ कुठे गेले, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी ऐकला असेल! बोलणाऱ्यांची माया खरी होती. पण तो आवाज आत राहून जातो आणि चाळिशीतही तसाच बोलतो. त्याचा हेतू बहुतेक वेळा आपल्याला फजितीपासून वाचवण्याचा असतो, म्हणून त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला वळण लावायचं आहे.

पहिला आठवडा : फक्त लिहा

पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. मोबाइलवर लिहिलं तरी चालतं, पण मला वहीच बरी वाटते, कारण मोबाइल उघडला की व्हॉट्सअ‍ॅप आधी दिसतं. मनाला काही लागलं, पोटात गोळा आला, उगाच चिडचीड झाली, की वही काढायची आणि तीन गोष्टी लिहायच्या : काय घडलं, मन काय म्हणालं, आणि अंगात काय झालं.

मधली ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच सगळे नवखे चुकतात. ‘आज जरा नकारात्मक वाटलं’ असं लिहून काही उपयोग नाही. मन जे शब्द बोललं तेच शब्द लिहायचे. ‘माती केलीस’ म्हणालं तर ‘माती केलीस’. शिवी दिली तर शिवी. वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे लाज धरू नका.

या आठवड्यात काहीही सुधारायला जाऊ नका. नुसतं लिहा. चार-पाच दिवसांनी पानं चाळलीत तर दिसेल, की मनाकडे वाक्यं फार थोडी आहेत. माझ्याकडे सगळी मिळून सहा निघाली. प्रसंग बदलत होते, वाक्यं तीच. त्यातला ‘धड’ हा शब्द तर शाळेतल्या एका बाईंचा होता. त्या ज्या सुरात तो म्हणायच्या त्याच सुरात तो अजून माझ्या डोक्यात वाजत होता. ज्या दिवशी हे उमजलं त्या दिवशी त्या वाक्याचा निम्मा जोर गेला.

मग ‘च’ शोधा

हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन सांगते, कारण मला इथूनच उजेड दिसला.

वहीतली वाक्यं पुन्हा वाचा आणि त्यातल्या प्रत्येक ‘च’भोवती गोल करा. ‘नेहमीचंच आहे तुझं.’ ‘मला जमतच नाही.’ ‘माझ्याच वाट्याला का?’ ‘सगळ्यांनाच कळलं असेल.’ ‘कधीच सुधारणार नाहीस.’ मराठीत हे एक अक्षर वाक्याची सगळी दारं बंद करतं. ‘मला जमत नाही’ म्हटलं तर उद्या जमण्याला जागा उरते. ‘जमतच नाही’ म्हटलं की आज, उद्या, परवा सगळं संपलं. एका चुकीचं कायमच्या निकालात रूपांतर करायचं काम हा ‘च’ करतो.

आता वाक्य ‘च’ काढून पुन्हा लिहा, आणि ‘नेहमी’, ‘कधी’, ‘सगळे’ असे शब्द असतील त्या जागी खरी वेळ, खरी जागा, खरी माणसं घाला. माझ्या वहीतली त्या दिवसाची नोंद नंतर अशी झाली :

*घडलं :* चुकीच्या महिन्याची शीट गेली.
*मन :* नेहमीचंच आहे तुझं. आता सगळ्यांनाच कळलं असेल.
*अंगात :* कान गरम, घशात आवंढा.
*‘च’ काढून :* आज एका क्लायंटला चुकीची शीट गेली. पाच मिनिटांत दुरुस्त केली. त्या क्लायंटला कळलं, आणि मला.

हे शेवटचं वाक्य लिहिताना ‘सगळे’ म्हणजे किती माणसं, ते मोजावं लागलं. दोन निघाली.

‘च’चा एक आणखी चिवट प्रकार आहे : ‘पाहिजेच’. ‘मला सगळं आलंच पाहिजे.’ ‘लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे.’ ‘घर टापटीपच असलं पाहिजे.’ डॉ. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धत मांडली, तिचा सगळा रोख याच हट्टावर आहे. इच्छा असणं चांगलं. इच्छेचा हट्ट झाला की मनाचं स्वास्थ्य जातं, असं ते सांगत. ही उपचारपद्धत मराठीत ‘विवेकनिष्ठ’ नावानं ओळखली जाते. कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजवली, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती इथल्या कितीतरी घरांत पोचली. तेव्हा ‘पाहिजेच’ दिसलं की त्या जागी ‘झालं तर फार बरं होईल, नाही झालं तर वाईट वाटेल, पण मी ते सोसू शकते’ असं लिहून बघा. वाक्य लांब होतं, होऊ दे. छोटी वाक्यंच जास्त बोचतात.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘मला काहीच येत नाही’च्या जागी एकदम ‘मी ग्रेट आहे, मी काहीही करू शकते’ असं लिहू नका. आरशासमोर उभं राहून असं रोज म्हणा, असा सल्ला खूप जण देतात. कॅनडातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ सालचा अभ्यास आहे. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं, त्यांना अशी गोडगोड वाक्यं म्हणायला लावल्यावर उलट आणखी वाईट वाटलं. मनाला थाप कळते. त्याला खरं वाक्य द्या, साधं असलं तरी.

पुरावा मागा

‘च’ निघाला तरी काही वाक्यं ठाण मांडून बसतात. त्यांना पुरावा मागायचा. ‘लोक हसले असतील’ : कोण हसलं? पाहिलंस? ‘साहेब नाराज आहेत’ : ते बोलले का, की नुसता चेहरा उतरलेला होता? चेहरा उतरायला घोडबंदर रोडचा ट्रॅफिकही पुरतो.

‘सगळे माझ्याकडे बघताहेत’ या वाक्यासाठी एक प्रयोग लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी पाहिलं असेल? त्यांचा अंदाज होता निम्म्या लोकांनी. प्रत्यक्षात पाहिलं होतं जेमतेम पाव लोकांनी. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्याला त्याला आपापल्या टी-शर्टची काळजी असते.

पुरावा खरंच विरुद्ध निघाला तर? म्हणजे चूक मोठी होती, नुकसान झालं, साहेब खरोखर नाराज आहेत, तर? मग ते मान्य करा आणि पुढचं एक काम लिहा : माफी मागायची, दुरुस्त करायचं, कुणाला तरी विचारायचं. चूक कबूल करणं वेगळं आणि स्वतःला सोलून काढणं वेगळं. सोलून काढून काम सुधारत नाही, झोप मात्र जाते.

स्वतःला नावानं हाक मारा

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण गर्दीत, मीटिंगच्या दारात, वही काढायला वेळ नसतो तेव्हा हेच उपयोगी पडतं. स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलण्याऐवजी नावानं बोला. मिशिगन विद्यापीठाचे इथन क्रॉस यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, भाषण देण्याआधी स्वतःशी नावानं बोलणाऱ्यांचा ताण ‘मी, मला’ म्हणणाऱ्यांपेक्षा कमी राहिला. जरा दूर उभं राहून स्वतःकडे बघता येतं, म्हणून.

आपल्याकडे यात एक सोय आहे. मायेच्या माणसांनी आपल्याला दिलेली नावं असतात : बाळा, सोन्या, माई, अप्पा. मला माहेरी सगळे ताई म्हणतात. मीटिंगआधी हात गार पडले की मी मनात म्हणते, ‘ताई, आकडे तुझे आहेत, तू काल दोनदा तपासलेस. सावकाश वाच.’ हेच वाक्य ‘मी’ लावून म्हटलं तर घाई आणि भीती दोन्ही परत येतात. मैत्रिणीला जे बोलला नसता ते स्वतःला बोलायचं नाही, हा नियम नावानं हाक मारली की आपोआप पाळला जातो.

श्वास

थोडक्यात सांगते. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. दहा सेकंदांचा एक, म्हणजे मिनिटाला सहा. मी ऐरोली सुटलं की सुरू करते आणि दिघा गाव आलं की थांबते. बसायला जागा नसली तरी होतं. गरगरलं तर सोडून द्या आणि साधा श्वास घ्या.

चिंतेला वेळ द्या

लहानपणी एक गोष्ट ऐकली असेल : वैद्य औषध देतो आणि सांगतो, घेताना फक्त माकड आठवायचं नाही. मग त्या माणसाला जन्मभर औषध घेता येत नाही. डॅनियल वेगनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली हेच प्रयोगात दाखवलं. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. तेव्हा ‘विचार करू नकोस’ हे मनाला सांगून भागत नाही. ‘आत्ता नको, साडेसातला’ हे मात्र ते ऐकतं.

रोज वीस मिनिटं ठरवून घ्या. वेळ तीच, जागा तीच, आणि ती जागा अंथरूण नसावी. दिवसभरात जे मनात येईल त्याचा एक शब्द वहीत टाकायचा आणि पुढे जायचं. मी तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी बसते. वीस मिनिटं मनसोक्त काळजी करायची. बरेचदा दुपारी आभाळ कोसळल्यासारखं वाटलेलं प्रकरण संध्याकाळपर्यंत इतकं लहान झालेलं असतं, की त्यावर पाच मिनिटंही घालवता येत नाहीत. काही मात्र तसंच मोठं असतं, त्यावर काय करायचं ते तिथेच लिहायचं. वेळ झाली की उठायचं. कुल्फी खायची असेल तर खायची.

धीर चेपतो तो करूनच

वाक्यं सुधारली की मन शांत होतं, पण आत्मविश्वास येतो तो केलेल्या कामातून. आमच्याकडे साताऱ्याहून आलेली एक मुलगी आहे. हुशार, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायची नाही, इंग्रजी अडखळतं म्हणून. आम्ही दोघींनी तिच्यासाठी शिडी केली. सगळ्यात सोपी पायरी खाली, सगळ्यात अवघड वर. पहिली पायरी : मीटिंगआधी शेजारच्या माणसाशी दोन वाक्यं बोलायची. दुसरी : एक प्रश्न घरून लिहून न्यायचा आणि वाचून विचारायचा. तिसरी : स्वतःच्या कामाचे आकडे स्वतः सांगायचे. त्याच्या वर आणखी तीन होत्या.

प्रत्येक पायरीआधी तिनं लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. दुसऱ्या पायरीच्या वेळी तिनं आधी लिहिलं होतं : ‘मी अडखळेन आणि सगळेच हसतील.’ नंतरची नोंद : ‘अडखळले. कुणी हसलं नाही. सरांनी उलट दुसरा प्रश्न विचारला, तो मला आला.’ मी तिला म्हटलं, बघ, अर्धा अंदाज खरा ठरला. अडखळलीस. आणि तरी काही बिघडलं नाही.

एक पायरी सोपी वाटेपर्यंत तिच्यावरच राहा, आठवडा लागो की महिना. उडी मारायला गेलात आणि तोंडघशी पडलात तर मन ‘बघ, मी म्हणत होतो ना’ म्हणायला तयार बसलेलं असतं. सवय लागायला किती दिवस, असं सगळे विचारतात. लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात, रोजची एक साधी गोष्ट अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासात दिसलं, की मधे एखादा दिवस चुकला तरी फरक पडत नाही. वहीत चार दिवस कोरे गेले म्हणून वही सोडू नका.

हे पुरेसं नसेल तेव्हा

ठाण्याच्या माणसानं हे बोलायलाच हवं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि तेव्हापासून आपल्या भाषेत ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा होऊन बसली आहे. या थट्टेनं फार नुकसान केलं आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेडं ठरणं, ही भीती तिनं घरोघरी पेरली. माझ्या सासूबाईंना मी कुठे जाते ते दोन महिने सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर मीही गेले असते.’

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर वहीवर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. आणि ‘मी नसलेलीच बरी’ असं वाक्य मनात आलं, तर त्यातला ‘च’ शोधत बसायचं नाही. त्याच मिनिटाला घरातल्या कुणाला तरी उठवायचं, सांगायचं, एकटं राहायचं नाही, आणि फोन लावायचा.

पहिल्यांदा जाल तेव्हा वही बरोबर न्या. तिथे ‘काय होतंय?’ असं विचारलं की शब्द सुचत नाहीत. मी पहिल्या भेटीत पाऊण तास नुसती रडले होते. बाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, आठवडाभर मन जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून आणा. पुढच्या बुधवारी मी वही टेबलावर ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं, मग पेन उचलून ‘नेहमीचंच’मधल्या ‘च’भोवती एक गोल केला आणि वही माझ्याकडे फिरवली.